भाव आणि विवेक

कावेरीकाठच्या तिरुवैयारुला त्यागराजांची समाधी आहे आणि सभोवार भातशेती. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली; सप्टेंबर २०२४ मध्ये ती उठवली. मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते अशा बंदीला शेतकऱ्यावरील अन्याय म्हणतात, समर्थक ग्राहकाचे हित सांगतात. दोघेही विद्वान, दोघेही सामान्य माणसाच्या नावाने बोलतात. परंतु भात विकणारा शेतकरी आणि तांदूळ विकत घेणारा भूमिहीन मजूर येथे शेजारी राहतात. एकाला चढा भाव हवा, दुसऱ्याला उतरता. सरकारी खरेदी आणि मोफत रेशन यांनी हा ताण सौम्य होतो, मिटत नाही. म्हणून निर्णय चुकणे हा अभिजनांचा खरा दोष नव्हे. त्याची झळ कोणाला बसली हे न सांगता त्याला सर्वांचे हित म्हणणे, हा आहे.