सूर आणि सही

चित्रकलेच्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या तरुणाला पहिल्याच वर्षी एक उपदेश ऐकावा लागतो : दुसऱ्याचे गिरवू नकोस, तुझा सूर शोध. उपदेश योग्यच आहे; पण त्यात एक गृहीतक दडलेले असते. प्रत्येकाच्या अंतर्यामी एक सूर जन्मतःच तयार होऊन बसलेला आहे, त्यावर घराण्याची, जातीची, गुरूची पुटे चढली आहेत आणि ती खरवडून काढली की तो सूर आपोआप प्रकट होईल, असे ते गृहीतक. याच्या नेमके उलट असलेले मतही तितकेच प्रबळ आहे. त्यानुसार बोलते ती परंपरा. व्यक्ती हे केवळ तिचे मुख. पहिले मत नगरांतल्या कलावंतांना लावले जाते, तर दुसरे खेड्यांतल्या आणि अरण्यांतल्या कलावंतांना. ही वाटणी न्याय्य आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

जनगढसिंह श्याम यांच्या आयुष्याशी ही दोन्ही मते ताडून पाहण्यासारखी आहेत. त्यांचा जन्म १९६० नंतरच्या एकदोन वर्षांतला. गाव मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातले पाटनगढ. जन्माच्या सुमारास जनगणना चालू होती म्हणून ‘जनगढ’ हे नाव पडले, असे सांगतात. ज्या शिरगणतीत प्रत्येक माणूस म्हणजे केवळ एक आकडा, तिच्यावरून एखाद्याला स्वतःचे नाव मिळावे आणि पुढे त्या नावाने एक चित्रशैली ओळखली जावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

जनगढ परधान गोंड समाजातले. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक; विदर्भातल्या गोंडवस्त्यांनाही ते परके नाहीत. यजमानाच्या दारी जाऊन बाना हे तंतुवाद्य वाजवायचे, बडादेवाला जागवायचे, यजमानाच्या कुळाची गाथा गायची आणि त्याने दिलेले दान घ्यायचे, हा त्यांचा पिढीजात धर्म. लिखित बखर नसलेल्या समाजाची स्मृती त्यांच्या कंठात राहिली. या गाण्यात गायकाचे ‘स्वतःचे’ काय असते? गाथा त्याची नसते, देव सर्वांचा असतो, कुळ तर दुसऱ्याचेच असते. तरीही ऐकणाऱ्याला एका परधानाचे गाणे दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येते. शब्द तेच असले तरी ते घेण्याची, थांबण्याची, लांबवण्याची रीत ज्याची त्याची असते. म्हणजे गायकाचे स्वत्व गाण्याच्या आशयात नसून ते गाणे अंगावर घेण्याच्या रीतीत असते.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास भोपाळला भारत भवनाची जुळवाजुळव चालू होती. तेथील रूपंकर या कलासंग्रहालयाची धुरा चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्याकडे होती. आदिवासी कलावंत आणि नगरांतला आधुनिक कलावंत हे एकाच काळात जगणारे समकालीन आहेत, या धारणेतून त्यांनी दोघांच्या कृती एका छपराखाली आणायचे ठरवले. त्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या तरुण कलावंतांना पाटनगढच्या एका भिंतीवर हनुमानाचे चित्र दिसले. ते जनगढांनी काढले होते. लवकरच हा तरुण भोपाळला आला आणि १९८२ साली उघडलेल्या भारत भवनाच्या मुद्राचित्रण विभागात काम करू लागला.

गावच्या भिंतीवर माती, गेरू आणि छुई यांची मोजकी रंगसंगती होती. येथे पोस्टर रंगांच्या बाटल्या होत्या, शाईच्या लेखण्या होत्या, पांढराशुभ्र कागद होता. भिंत आणि कागद यांत केवळ माध्यमाचा फरक नाही. सणासुदीला भिंत पुन्हा सारवली जाते आणि जुने चित्र मातीखाली जाते. त्याची हळहळ कोणी करीत नाही, कारण पुढच्या सणाला नवे चित्र होणारच असते. कागद मात्र जपला जातो, चौकटीत बसतो, विकला जातो. भिंतीवर कोणी सही करीत नाही, ती कागदावर करावी लागते. सहीबरोबर मान येतो, मोबदला येतो आणि ‘हे माझे’ म्हणण्याची जोखीमही येते.

जनगढांनी ही जोखीम कशी उचलली, ते त्यांच्या देवतांच्या चित्रांत दिसते. बडादेवाचे ठाणे साजाच्या झाडात. त्याला बोलवायचे ते बान्याच्या सुरांनी. गाण्यात ज्याचे वर्णन होते, पण ज्याची ठरलेली मूर्ती नव्हती, अशा दैवतांना या तरुणाने रेषा आणि रंग दिले. कोणत्याही जुन्या भिंतीवरून ही रूपे उतरवून घेता आली नसती. ‘परंपरा बोलते’ एवढे म्हणून त्यांचा उलगडा होत नाही, कारण परंपरेत ती चित्रे नव्हतीच. ‘अंतर्यामीचा सूर प्रकटला’ असे म्हणूनही भागत नाही, कारण गाथा नसती तर चित्राला विषय उरला नसता. त्यांच्या चित्रांतल्या प्राण्यांच्या, वृक्षांच्या आणि देवांच्या अंगाअंगावर बारीक ठिपक्यांच्या रांगा थरथरत जातात. त्या पाहताना एखादे गाणे डोळ्यांनी ऐकल्यासारखे वाटते. कंठातला वारसा हातात आला, तो जसाच्या तसा नव्हे. एका पात्रातून दुसऱ्या पात्रात ओतताना तो सांडू शकला असता. ती धास्ती पत्करून ओतणे, हेच त्या हाताचे स्वत्व.

स्वत्वाची ही कल्पना मान्य केली, तर त्यातून एक कर्तव्यही निघते. मिळालेला वारसा स्वतःच्या जबाबदारीवर पुढे नेणे म्हणजे आत्माविष्कार असेल, तर ‘तुझा सूर शोध’ असे सांगणाऱ्याची जबाबदारी तो सूर सापडला की संपत नाही. जनगढांना मान लवकर मिळाला. १९८६ साली मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान झाला, १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात चित्रे गेली, भोपाळच्या नव्या विधान भवनाच्या भिंतींवर त्यांचा हात फिरला. पुढे २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात चित्रे करण्यासाठी ते गेले होते. तो मुक्काम लांबला आणि जुलैच्या आरंभी तेथेच त्यांनी आपले जीवन संपवले. वय जेमतेम चाळिशीचे. देशातल्या अनेक कलावंतांनी तेव्हा जाहीरपणे प्रश्न विचारले. एका माणसाच्या मनातला शेवटचा अंधार बाहेरून उकलून सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण घरापासून इतक्या दूर, परक्या भाषेत, एकट्याने चित्रे करीत राहणाऱ्या कलावंताची विचारपूस कोणी करायची, हा प्रश्न त्याच्या मनाविषयीचा नाही. तो चित्रे मागणाऱ्या जगाविषयीचा आहे.

या प्रश्नाला एक सोपे उत्तर देण्यात येते : त्यांना गावातून आणायलाच नको होते. या उत्तरात करुणा दिसते, पण तिच्याआड एक अवमान दडलेला आहे. नगरातल्या तरुणाने पॅरिसला जावे, बदलावे, चुकावे, परतावे. अरण्यातल्या तरुणाने मात्र आपल्या भिंतीपाशी, आहे तसेच राहावे, असे म्हणणे म्हणजे त्याला स्वत्वाचाच अधिकार नाकारणे होय. गावाबाहेर पडणे ही चूक नव्हती. गायकाला गाण्यासाठी यजमान लागतो आणि यजमानाला गायकाच्या पोटाची, मुलांची, परतीच्या वाटेचीही काळजी करावी लागते, हे परधानांच्या रीतीत गृहीत होते. नव्या यजमानांनी गाणे घेतले, दानही दिले. ते नाते मात्र पूर्णपणे पत्करले नाही. चित्राची किंमत चुकती केली की हिशेब मिटला, असे बाजार मानतो. यजमानाचा हिशेब असा मिटत नसतो.

जनगढांचा सूर त्यांच्याबरोबर संपला नाही. जिवंतपणीच त्यांनी पाटनगढची आपली माणसे भोपाळला आणली, त्यांच्या हाती रंग दिले. त्या घरात आणि त्या गोतावळ्यात चित्रकारांची एक फळीच उभी राहिली. भज्जू श्याम यांना २०१८ साली आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. या साऱ्या चित्रणाला ‘जनगढ कलम’ असे नाव मिळाले आहे. ज्याला आत्माविष्कार म्हणावे तो एका माणसाचा सूर अनेकांची बोली झाला. तरी त्या बोलीत कोणी कोणाची नक्कल केली नाही. या चित्रकारांत एक अलिखित शिस्त आहे : आकृतीच्या आत भरायची नक्षी प्रत्येकाने आपली वेगळी शोधायची. कोणी ठिपके, कोणी तुटक रेघा, कोणी चंद्रकोरी, कोणी बियांचे दाणे. गाथा सामाईक, देव सामाईक, झाड सामाईक. भरण मात्र ज्याचे त्याचे. जाणकाराला कोपऱ्यातले नाव वाचावे लागत नाही.

तरुण कलावंताला द्यायचा उपदेश कदाचित येथून नव्याने मांडता येईल. सूर शोधण्यासाठी सगळी पुटे खरवडण्याची गरज नाही. त्यांतले आपण कशाला उत्तर देणे लागतो, ते ओळखावे आणि ते आपल्या हाताने भरावे. उपदेश करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, भिंतीवरच्या माणसाला कागदावर सही करायला लावली, म्हणजे त्या सहीखाली साक्षीदार म्हणून आपलेही नाव लागते.