अपंगांचे औषधपाणी : दया की हक्क?



दीक्षा घेतली आणि घरातले देव्हारे उठले, नवससायास थांबले, पौर्णिमेला विहारात वंदना होऊ लागली. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच घरात पायाने अधू किंवा डोळ्याने अंध मूल जन्माला आले की जुना शब्द ओठावर येतो : 'मागल्या जन्मीचे भोग, दुसरे काय!' देव गेले, पण भोग मागे राहिला.

हा शब्द निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये. जो भोग असतो तो ज्याचा त्याने भोगायचा असतो. त्याची जबाबदारी शेजाऱ्यावर नाही, गावावर नाही, सरकारवर तर नाहीच. मग सरकारने अपंगाच्या औषधपाण्याला चार पैसे दिले तर ती मेहेरबानी, आणि उद्या काढून घेतले तर 'त्यांची मर्जी'. ज्याने असे मानले तो जाब कोणाला आणि कशाच्या बळावर विचारणार? म्हणून अपंगांच्या उपचाराचा खर्च ही सरकारची दया आहे की अपंगांचा हक्क, या प्रश्नाचा निकाल आपण धम्माच्या कसोटीवर लावला पाहिजे.

प्रथम भोगाची गोष्ट घेऊ. पाली ग्रंथांत रोग व वैगुण्य यांचा संबंध पूर्वकर्माशी जोडणारी वचने सापडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच ग्रंथांत सीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रश्नही आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मानेच होते, असे काही लोक म्हणतात. आपले मत काय, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी ते मत खोडून काढले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, बेफिकीर वागणूक, बाहेरून झालेला आघात अशी अनेक कारणे त्यांनी सांगितली. म्हणजे आजाराचे कारण शरीरात आणि परिस्थितीत शोधावे असा त्यांचा रोख होता. बाबासाहेबांनी तर कसोटीच घालून दिली आहे : जे बुद्धीला पटत नाही आणि ज्यात माणसाचे कल्याण नाही ते बुद्धाचे मानू नये. पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताचा उपयोग एवढाच, की गरिबांच्या आणि दुबळ्यांच्या दुःस्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला झटकता यावी, असे त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्टपणे मांडले आहे. ज्या सिद्धांताने आपल्या बापजाद्यांना अस्पृश्य ठेवले तोच सिद्धांत आपण आपल्या अधू लेकराला लावायचा, ही कोणती दीक्षा झाली?

आता जबाबदारीची गोष्ट. विनयपिटकातील एक प्रसंग प्रत्येक बौद्ध घरात सांगितला गेला पाहिजे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून राहिला होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागत आनंदासह फिरत फिरत तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. एकाने डोक्याकडून व एकाने पायाकडून धरून त्याला मंचकावर निजविले. मग तथागतांनी संघ बोलावून विचारले की या भिक्खूची शुश्रूषा का झाली नाही? उत्तर मिळाले की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून.

हे उत्तर नीट ध्यानात घ्या. माणूस उपयोगाचा असेल तर त्याची काळजी, नसेल तर नाही. पंचवीसशे वर्षांपूर्वीचे हे उत्तर आजही अंदाजपत्रकाच्या आकड्यांमागे दडून बसलेले असते. तथागतांनी त्यावर केवळ करुणेचा उपदेश केला नाही. त्यांनी नियम घालून दिला. गुरू असेल तर गुरूने, शिष्य असेल तर शिष्याने, सोबती असेल तर सोबत्याने शुश्रूषा करावी; आणि यांपैकी कोणीच नसेल तर ती संघाने करावी, न केल्यास तो संघाचा दोष. दया ही मनाच्या लहरीवर अवलंबून असते. नियम लहरीवर अवलंबून नसतो. ज्या दिवशी संघावर दोष ठेवला गेला, त्या दिवशी रोग्याची शुश्रूषा हा रोग्याचा हक्क झाला.

भारताच्या संविधानाने हेच राज्याच्या बाबतीत केले आहे. अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा वेळी सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला आहे. अनुच्छेद ४७ प्रमाणे सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि ज्या अपंगांना कामगार विम्यासारख्या योजनेचे छत्र नाही त्यांच्यासाठी व्यापक विमा योजनेची तरतूद सांगितली. म्हणजे कागदावर हा हक्कच आहे.

परंतु व्यवहार काय? २०१५ साली केंद्र सरकारने अपंगांसाठी 'स्वावलंबन' नावाची आरोग्यविमा योजना काढली. वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतचा उपचार, अपंगाने ३५७ रुपये भरायचे, बाकीचा हप्ता सरकारचा. त्याच वर्षाच्या अखेरीस अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे पंतप्रधानांनी सुचविले. पुढे काय झाले? 'दिव्यांग' हा शब्द प्रत्येक सरकारी फलकावर चढला आणि विम्याची योजना काही वर्षांतच बंद पडली. नाव दिव्य करायला पैसा लागत नाही.

२०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण. ती सुरू करताना ग्रामीण कुटुंबांसाठी जे निकष घेतले त्यांतला एक असा : घरात अपंग व्यक्ती असावी आणि धडधाकट प्रौढ माणूस एकही नसावा. घरात मजुरी करणारी आई असली की या निकषातून ते घर बाद! महाराष्ट्राने २०२३ साली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय घेतला, हे चांगले झाले. परंतु या योजनांचा भर रुग्णालयात दाखल झालेल्यांवर आहे. ज्याच्या कण्याला इजा झाली आहे त्याला रोज लघवीची नळी लागते, व्यायाम देणारा माणूस लागतो; वाढत्या मुलाचे कॅलिपर पुन्हा पुन्हा बदलावे लागते. हा रोजचा खर्च घरावरच पडतो.

श्रीमंत देशांतही हीच रीत दिसते. अमेरिकेत गरीब व अपंगांसाठी १९६५ पासून 'मेडिकेड' नावाची सरकारी योजना आहे. अपंगाला घरीच राहून मदतनीस मिळावा ही सेवा तिच्यातून मिळते. पण कायद्याने ती देणे राज्यांना ऐच्छिक आहे. पैसा कमी झाला की कात्री प्रथम ऐच्छिक सेवेवर चालते. जुलै २०२५ मध्ये तेथे जो कायदा झाला त्याने दहा वर्षांत या योजनेवरील ९०० अब्ज डॉलरहून अधिक खर्च कमी होणार आहे, आणि २०३४ पर्यंत सुमारे १ कोटी अधिक लोक विम्याविना राहतील, असा अंदाज तेथील काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने दिला आहे. 'आम्ही अपंगांना हात लावलेला नाही, फक्त धडधाकटांना लावला आहे,' असे कायद्याचे समर्थक सांगतात. पण विहिरीचे पाणी उपसून न्यायचे आणि तुमच्या घागरीला हात लावला नाही म्हणायचे, यात सत्य किती?

तेथील अपंग मात्र गप्प बसलेले नाहीत. जून २०१७ मध्ये अशीच कपात येऊ घातली तेव्हा चाकाच्या खुर्चीतून आलेली माणसे सिनेटच्या बहुमताच्या नेत्याच्या कचेरीसमोर जमिनीवर पडून राहिली. पोलिसांनी ४३ जणांना उचलून नेले. पुढच्याच महिन्यात ते विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले. त्याआधी एप्रिल १९७७ मध्ये अपंगांच्या हक्कांच्या नियमांवर सरकार सही करीत नव्हते, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर अपंगांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले. त्यांना आत गरम जेवण पोचविले ते ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनी. ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेच हे पँथर. जो स्वतः तुडविला गेला आहे त्याने दुसऱ्या तुडविलेल्याच्या हातात भाकरी द्यावी, हा धम्म त्यांना कोणी शिकविला नव्हता. पण त्यांनी तो आचरला.

येथे एक आक्षेप निघेल. तिजोरी काही अमर्याद नाही, आणि अनुच्छेद ४१ मध्येही राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, असेच म्हटले आहे. हे खरे आहे. मर्यादा आहे हे मान्य. परंतु मर्यादा पाळायची तर आरंभ कोठून करायचा, हा नीतीचा प्रश्न उरतोच. घरात धान्य कमी पडले तर आई प्रथम स्वतःच्या ताटातले कमी करते, आजारी लेकराच्या ताटातले नव्हे. ज्याच्याकडून प्रतिकाराची भीती कमी, त्याच्यापासून कपातीला सुरुवात करणे ही काटकसर नव्हे; ते दुबळ्याचे हिरावून घेणे आहे. न दिलेले घेऊ नये, हे शील आपण रोज घेतो. ते केवळ चोरापुरते आहे काय?

दुसरा आक्षेप : खोटे दाखले घेणारे असतात. असतात खरे. त्यांना पकडावे. पण चार खोट्यांसाठी शंभर खऱ्यांचे औषध बंद करणे हा न्याय होत नाही.

बंधूंनो, काढून घेतलेला हक्क कसा असतो हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९५६ साली धम्म स्वीकारला म्हणून केंद्राच्या सवलती आपल्याला नाकारल्या गेल्या, आणि त्या कायद्याने परत मिळायला १९९० साल उजाडले. त्या चौतीस वर्षांत आपण 'सरकारची मर्जी' म्हणून घरी बसलो असतो तर आजही बसलेलेच असतो. तोच न्याय आपण अपंगांच्या बाबतीत लावला पाहिजे, मग तो अपंग कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. भोग आणि प्रारब्ध हे शब्द आपल्या घरातून कायमचे घालवावेत. विशेषतः अधू मुलाच्या आईसमोर ते कोणी उच्चारू नयेत. वस्तीतील प्रत्येक अपंगाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र निघाले आहे की नाही हे विहार समितीने पाहावे, आणि ज्याला जाता येत नाही त्याला रुग्णालयापर्यंत नेऊन आणावे. आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्चावी असा महाराष्ट्रात नियम आहे, त्याचा हिशेब ग्रामसभेत उभे राहून मागावा.

पहिली दोन कामे शुश्रूषेची आहेत, तिसरे जाब विचारण्याचे. तथागतांनी त्या दिवशी दोन्ही केले. आधी स्वतःच्या हातांनी रोग्याला धुतले आणि मग संघाला बोलावून विचारले, की हे असे का झाले? आपण पहिले केले आणि दुसरे टाळले, तर ती दयाच राहील. दुसरे केले आणि पहिले टाळले, तर ते नुसते भाषण होईल.

जयभीम!