ओट्याची भेग

आमच्या नागपूरच्या घरातला ओटा कडप्प्याचा. काळा, आणि लिंबाचिंचेचे पांढुरके डाग पडलेला. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, त्याला आंबट सोसत नाही. सिंकच्या डाव्या कोपऱ्यात वीतभर लांब भेग होती. त्यामुळे घरात एक नियम होता, त्या कोपऱ्यावर जड काही ठेवायचं नाही. पाण्याचा भरलेला गुंड नाही, खलबत्ता तर नाहीच. हा नियम कोणी समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही. भेग दिसायची, तेवढं पुरायचं.

मागच्या उन्हाळ्यात आईनं माझ्याकडे पुण्याला यायचं आणि प्रतापनगरचं हे घर भाड्यानं द्यायचं ठरलं. दलाल म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे, पण किचन लयच जुनं वाटते." ग्रॅनाइट बसवायचा तर आधी ओटा फोडणं आलं. मग मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि काँक्रीटसारखा दिसणारा लेप स्वतःच लावायचं ठरवलं.

काम तसं सोपं आहे, फक्त घाई चालत नाही. आधी वर्षानुवर्षांचा तेलकटपणा घासून काढायचा. मग पॉलिश पेपरनं दगड खरखरीत करायचा. या वेळी तोंडाला चांगला मास्क हवा, ती धूळ छातीत जाणं बरं नाही. मग प्रायमर, त्यावर पातळ लेपाचे थर, प्रत्येक थर वाळला की पुन्हा घासणं, आणि शेवटी डाग शिरू नयेत म्हणून सीलर. सगळे थर मिळून जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. मे महिन्यातलं नागपूर, लेप पात्यावरच घट्ट व्हायचा. म्हणून मी पहाटे पाचला काम सुरू करायचो. भेगेत आधी भराव घातला, वरून लेप फिरवला. चौथ्या दिवशी ओटा राखाडी, एकसंध आणि एखाद्या कॅफेतला शोभावा असा दिसायला लागला.

गंमत बघा. काँक्रीटला एके काळी स्वतःचा चेहरा दाखवायची लाज होती. त्यावर प्लास्टर चढायचं, नाहीतर दगडाची फरशी. मग ल कार्बुझिएनं मार्सेयला 1952 मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत आणि पुढे चंडीगडला साच्याच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवले. उघड्या काँक्रीटला प्रामाणिक मटेरियल म्हणून मान मिळाला. आणि आता मी खऱ्या दगडावर त्या प्रामाणिकपणाची नक्कल थापत होतो.

जॉन रस्किन या इंग्रज लेखकाला हे अजिबात आवडलं नसतं. 1849 च्या 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या पुस्तकात त्यानं एका पदार्थाला रंगवून दुसरा पदार्थ भासवणं ही फसवणूक ठरवली आहे. पण तिथेच तो एक सूट देतो. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा खोटा नाही, कारण ते भरीव सोनं आहे असं कोणी समजत नाही. दागिन्यावरचा मुलामा मात्र खोटा, कारण तिथे लोक तसं समजतात. म्हणजे खोटेपणा पदार्थात नसतो. बघणारा काय समजतो आणि त्या समजुतीवर काय करतो, त्यात तो असतो.

हे वाचलेलं असल्यामुळे मी सावध होतो. घर बघायला एक नवं जोडपं आलं. मुलीनं ओट्यावरून हात फिरवून विचारलं, "दादा, हे खरंच काँक्रीट आहे का?" मी लगेच म्हणालो, "नाही, वरून लेप आहे. आत कडप्पा." तिला लेपही आवडला. त्यांनी डिपॉझिट दिलं. आपण खरं बोललो याचं मला तेव्हा बरं वाटलं.

रात्री आईला हे सांगितलं. ती कपाट आवरत होती. म्हणाली, "अन् भेगेचं?"

मी म्हटलं, "तिनं विचारलं नाही."

"अरे, दिसतच नाही तर विचारेल काहून?"

मला उत्तर सुचलं नाही. काँक्रीट की कडप्पा, याच्या खऱ्याखोट्यानं त्या मुलीचं काही बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं ते त्या कोपऱ्यावर भरलेला गुंड ठेवल्यावर. दोन-तीन मिलिमीटरचा लेप दगडाला आधार देत नाही. तो फक्त झाकतो. आणि मी नुसती भेग झाकली नव्हती, भेगेनं आजवर न बोलता दिलेली सूचनाही पुसली होती. जुना ओटा कुरूप होता, पण कुठे जपायचं ते सांगत होता. विचारलेल्या प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं होतं. पण जो प्रश्न तिला पडूच नये अशी व्यवस्था मीच केली होती, त्याचं काय?

घर सजवणं काही पाप नाही. पण ज्याच्यावर दुसरं कोणी भार टाकणार आहे, त्याचा कच्चेपणा झाकून गप्प बसणं वेगळं.

सकाळी मी तिला फोन केला. डिपॉझिट परत मागतील अशी धास्ती होती. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "खालून टेकू देता येईल का?" दोन दिवसांत मिस्त्री येऊन कोपऱ्याखाली लोखंडी अँगल लावून गेला.

किल्ल्या द्यायच्या दिवशी आईनं तिला स्वयंपाकघरात नेलं. गुळगुळीत राखाडी ओट्यावर, काही न शोधता, नेमकं भेगेच्या जागी बोट ठेवलं. "इथे जड नको ठेवू, बाई. अँगल आहे, तरी नको."

मुलीनंही तिथे बोट फिरवून पाहिलं. हाताला काहीच लागत नव्हतं. तिनं पर्समधून पेन काढलं आणि कडेला छोटीशी फुली मारली.