संध्याकाळचं पाणी

पेण तालुक्यातल्या एका वाडीची ही गोष्ट. हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने घरोघर. कुणी माती मळतं, कुणी साच्यात दाबतं, कुणी रंग मारतं. पण मान आखणीवाल्याचा. मूर्तीचे डोळे तो काढतो. डोळे बिघडले की मूर्ती गेली.

या वाडीच्या आखणीवाल्याचा हात दारूनं गेला. ऐन श्रावणात एका कारखान्याच्या मूर्तींची बुबुळं चुकली, माल परत आला आणि त्यानंतर त्याला कुणी कामाला घेईना. शेवटी बायकोनं भावाला सोबत घेऊन त्याला पुण्याला मुक्तांगणात नेलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये, पु. ल. देशपांडे यांचं पाठबळ घेऊन सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. तिथे 35 दिवस राहून आखणीवाला वैशाखात घरी परतला.

केंद्रात दारू नव्हती, वाडीत होती. दिवस कसाबसा जाई. दिवेलागण झाली की मात्र पाय गुत्त्याची वाट धरू पाहत. भेटेल तो उपदेश करी, काही जण लांबून पाळत ठेवत. काम मात्र कुणी देईना. व्यसनातून सुटून आलेल्या माणसाशी आपण नेहमी असंच वागतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, त्यानं स्वतःला सावरायचं तरी कशासाठी?

त्या वर्षी वाडीनं देवळाचा गणपती विकत न आणता स्वतःच घडवायचं ठरवलं. शाडूचा, तीन फुटी, साच्याविना. ज्याला वाटेल त्यानं सभामंडपात यावं आणि हात लावावा. सुट्टीला आलेली मुंबईची मुलं, बचत गटाच्या बायका, दोन म्हातारे, सगळे जमले. देखरेखीला काकी. त्यांची हयात मातीत गेली होती.

आखणीवाला खांबाआड उभा होता. काकींनी हाक मारली, "दादा, तुझ्यासाठी काम आहे. रोज दिवा लागला की मूर्तीवरची फडकी भिजवायची, नीट गुंडाळायची, रात्री निजण्याआधी पुन्हा बघायची. वैशाखातला शाडू आहे. एक रात्र कोरडा राहिला तर सगळ्यांच्या हातचं वाया जाईल."

वेळ काकींनी मुद्दाम निवडली होती.

तो येऊ लागला. फडकं बादलीत बुडवायचं, घट्ट पिळायचं, कारण जास्त पाण्यानंही माती ढासळते. आधी सोंड, मग बोटं, मग कानाच्या पातळ कडा. हे होईस्तोवर घटका निघून जाई. पुढे पोरं त्याच्याभोवती बसू लागली. मुलांनी घडवलेला उंदीर तर तो वेगळ्या फडक्यात गुंडाळी.

एका संध्याकाळी तो आला नाही.

सकाळी मूर्तीच्या खांद्यापासून कोपरापर्यंत भेग गेली होती. लोक चिडले. "दारुड्यावर सोपवलं की हेच व्हायचं," एकजण म्हणाला. दुपारी तो आला, मान खाली घालून. काकींनी शाडूचा गोळा त्याच्या हातात ठेवला. तो लगेच भेगेत माती दाबू लागला, तशी त्यांनी हात धरला.

"आधी कडा भिजव. कोरड्या कडेला माती धरत नाही, तुला ठाऊक आहे. वेळ लागू दे."

संध्याकाळपर्यंत तो ब्रशनं कडा ओल्या करत बसला. ज्यानं त्याला दारुड्या म्हटलं होतं, त्यानंच शेवटी पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर तो पुण्याला फॉलोअपला गेला आणि काय घडलं ते तिथे सांगून आला. त्या संध्याकाळी मुलांनी फडकी भिजवली.

श्रावणात मूर्ती रंगली, तेव्हा सगळे म्हणाले, डोळे त्यानंच काढावेत. त्यानं हात पुढे धरून पाहिला. अजून थोडा थरथरत होता. त्यानं बचत गटातल्या एका मुलीला जवळ बसवलं, पाटीवर दहा वेळा बुबुळ काढून घेतलं आणि ब्रश तिच्या हाती दिला.

"आखणी कुणीही शिकेल, काकी," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीही संध्याकाळचं पाणी माझ्याकडेच ठेवा."

पुढच्या वैशाखात माती आली. पहिल्याच दिवशी वरच्या आळीतला एकजण देवळाच्या पायरीशी घुटमळत होता. तोंडाला वास येत होता. आखणीवाल्यानं त्याला पाहिलं आणि काकींना विचारलं, "पाण्याला दोघं चालतील ना?"