दोष आहे, पण कुठे?

२ च्या ६७व्या घातातून १ वजा केला की येते १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मेर्सेननं १६४४ मध्ये ही संख्या मूळ म्हणून नोंदवली. १८७६ मध्ये ल्युकानं सिद्ध केलं की ती मूळ नाही. अवयव मात्र त्याला सांगता आले नाहीत. ते १९०३ मध्ये फ्रँक कोलनं मांडले: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. तीन वर्षांचे रविवार लागले म्हणतात.

मध्यंतरी एका तरुण मुलीचं भाषांतर मी नाकारलं. “कुठे चुकलंय?” तिनं विचारलं. मला बोट ठेवता येईना. वाक्य न् वाक्य बरोबर, सगळं मिळून खोटं. ल्युकाकडे निदान सिद्धता होती; माझ्याकडे नुसता कान. तेवढ्यावर कुणाचं वर्षभराचं काम नाकारायचा हक्क मला पोचतो का? बाड अजून माझ्याकडेच आहे. या रविवारी मूळ पुस्तक शेजारी ठेवून पहिल्या पानापासून बसणार आहे.