न संपणारे काम आणि प्रभूचा दिवस



घरभेटींना फिरताना आपल्या वसईत आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. संध्याकाळी आठच्या सुमारास एखाद्या घरी आपण जपमाळेला जमतो. आजी-आजोबा, आई, सून, शेजारीपाजारी असे सारे आल्तारासमोर बसलेले असतात. आतल्या खोलीचे दार मात्र लावलेले असते. दाराखालून दिव्याचा उजेड येत असतो. ‘मुलगा कामावर आहे, फादर,’ असे आई हळू आवाजात सांगते. मुलगा घरातच आहे. पण कामावर आहे! एका घरी तर त्या मुलाची चार-पाच वर्षांची लेक तोंडावर बोट ठेवून आम्हाला म्हणाली, ‘पप्पांचा कॉल चालू आहे, हळू बोला.’ आम्ही हळू आवाजात प्रार्थना केली. जपमाळ संपली, चहा झाला, आम्ही निघालो. दार काही उघडले नाही.

त्या मुलाला दोष द्यावा असे आम्हाला वाटले नाही. पण त्या चिमुरडीचे वाक्य आमच्याबरोबर घरी आले. ती ते इतक्या सवयीने बोलली होती! म्हणून या रविवारी आपल्या धर्मग्रामातील अशा तरुण-तरुणींविषयी आपण विचार करू या, जे वेबसाइट बनवतात, त्यांची रचना करतात, त्या तपासतात आणि त्या बंद पडू नयेत म्हणून रात्री जागतात.

आपल्या आजोबांच्या पिढीने कमी कष्ट केले असे नाही. पहाटेच्या गाडीने भाजी, फुले, दूध घेऊन आपली माणसे मुंबईला जात. पण अंधार पडला की वाडीतले काम थांबे. चर्चची सांजघंटा ऐकू आली की हातातले खुरपे खाली ठेवून माणूस क्रुसाची खूण करी. ती घंटा काम थांबवत होती. आता घंटा खिशातल्या फोनमध्ये वाजते आणि ती काम सुरू करते!

हे काम आहे तरी कसे, ते घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तिथे सकाळी दहाला बैठक बसते, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात. ग्राहक कॅलिफोर्नियाचा असला तर रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा! साइट आपल्याच देशातली असली तरी तिच्यातले मोठे बदल बहुधा मध्यरात्रीनंतर करतात, कारण तेव्हा गर्दी कमी असते. एवढे करून ज्याला सकाळी ऑफिस गाठायचे आहे, त्याच्यापुढे विरार लोकलची गर्दी उभी असतेच.

बाजारातला दुकानदार रात्री शटर ओढतो, कुलूप लावतो आणि घरी जातो. वेबसाइटला शटर नाही. ती रात्रंदिवस उघडी असते आणि तिच्यात नेहमीच काहीतरी सुधारायचे राहिलेले असते. ‘एवढे संपले की विसावा घेईन,’ असे जो म्हणतो, त्याच्या वाट्याला विसावा येतच नाही. कारण हे काम संपत नाही.

प्रियजनहो, पवित्र शास्त्राला हे दुखणे नवीन नाही. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात मोशे आणि अहरोन फारोकडे जातात. रानात जाऊन देवाचा उत्सव करण्यासाठी इस्राएल लोकांना सुटी द्यावी, अशी विनंती करतात. फारो काय म्हणतो? हे लोक आळशी झाले आहेत, म्हणून त्यांना देव आठवतो! तो विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद करतो. विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच ठेवतो. साधने कमी करायची, काम तेवढेच मागायचे आणि पुरे झाले नाही तर माणसालाच आळशी ठरवायचे, ही युक्ती आजची नाही!

त्या दास्यातून सोडवलेल्या लोकांना परमेश्वराने विसाव्याची आज्ञा दिली. अनुवाद ग्रंथात तिचे कारणही सांगितले आहे: तुम्ही मिसर देशात दास होता, याची आठवण ठेवा. ही आज्ञा एकट्या घरमालकासाठी नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, दाराशी आलेला परका, इतकेच नव्हे तर बैल आणि गाढव यांनाही ती विसावा देते. आता कोणी म्हणेल, ‘फादर, त्या काळी सहा दिवसांत काम संपत असेल, आमचे संपत नाही.’ शेतकऱ्याला विचारा! तण सातव्या दिवशीही उगवते. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात तर देव स्पष्ट सांगतो की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही थांबायचे. म्हणजे ऐन घाईच्या दिवसांतसुद्धा! विसावा हे काम पुरे केल्याचे बक्षीस नाही. काम अपुरे असतानाच देवाने तो आपल्या हाती ठेवला आहे.

हा रविवार आपल्या मुंबईच्या कामगारांना सहजासहजी मिळालेला नाही, हेही लक्षात ठेवू या. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित केले. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, या त्यांच्या मागण्यांपैकी होत्या. सूर्यास्ताला काम थांबावे, एवढे मागण्यासाठीही तेव्हा लढावे लागत होते! अखेर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या मे महिन्यात, पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. शक्तीपलीकडे राबवून माणसाचे मन बधिर करणे आणि शरीर झिजवणे हा अन्याय आहे, असे त्यांनी बजावले. मालक आणि कामगार यांच्यातल्या प्रत्येक करारात, कागदावर लिहिलेली असो वा नसो, आत्म्याच्या आणि शरीराच्या विसाव्याची अट धरलेलीच असते, अशी त्यांची शिकवण आहे. ‘मला चालते, मी स्वखुशीने करतो,’ असे म्हणून ती अट कोणी मोडू शकत नाही. कारण आपला आत्मा ही विकायची वस्तू नाही.

२०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले, तेव्हा त्यांनी याच परिपत्रकाची आठवण काढली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात कामगाराची प्रतिष्ठा जपण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे, असे त्यांनी सांगितले. गिरणीचा भोंगा गेला, संगणक आला. प्रश्न तोच राहिला.

शरीर तर याचा हिशेब ठेवतेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात आढळले. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ तासांमुळे जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. पाच दिवस रोज अकरा तास म्हणजेच ५५ तास! लोकलचा प्रवास त्यात धरलेलाच नाही.

मग ख्रिस्तसभा या तरुणांना काय सांगते? रविवारच्या मिस्सेचे कर्तव्य आहेच. शनिवारी संध्याकाळची मिस्साही त्यासाठी ग्राह्य आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. कुटुंबाची खरी गरज किंवा समाजाची महत्त्वाची सेवा यामुळे एखाद्याला रविवारी थांबता आले नाही, तर ख्रिस्तसभेची धर्मशिकवण त्याची अडचण ओळखते. पण तीच धर्मशिकवण आणखी एक गोष्ट सांगते आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही, अशी विनाकारण मागणी आपण त्याच्याकडे करू नये!

इथे आम्हाला आमचीच चूक कबूल करावी लागेल. सणाच्या आदल्या आठवड्यात एके रात्री साडेअकराला आम्ही आपल्यातल्याच एका तरुणाला फोन केला. ‘मिस्सेच्या वेळा बदलल्या आहेत, तेवढ्या साइटवर टाकशील का?’ तो ‘हो फादर’ म्हणाला. सकाळी वेळा बदललेल्या होत्या. पुढच्या रविवारी तो चर्चमध्ये दिसला नाही. तेव्हा आम्हीच त्याच्या आईला विचारले, ‘हल्ली मिस्सेला येत नाही वाटते?’ ती माऊली काही बोलली नाही. नंतर कळले की तो झोपला होता. ऑफिसने त्याच्या रात्री घेतल्या होत्या आणि त्यातली उरलेली एक आम्ही घेतली होती. त्याला थँक यू म्हणायचेही आमच्याकडून राहिले होते.

राजे ग्रंथातला एलिया संदेष्टा आम्हाला तेव्हा आठवला. मोठे काम पार पाडून तो इतका थकला की रानात एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. देवदूत आला, पण उपदेश करायला नाही. त्याने एलियाला उठवून भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवले, पुन्हा खाऊ घातले. मगच एलिया देवाच्या पर्वताकडे निघाला. आपल्या घरातल्या थकलेल्या एलियाला आपण आधी भाकर देतो की आधी बोल लावतो?

तर बंधू-भगिनींनो, आपण काही गोष्टी मनावर घेऊ या.

घरच्या वडीलधाऱ्यांनी ‘घरात बसून कसले काम?’ हा टोमणा सोडून द्यावा. त्याचबरोबर मुलाच्या पगाराची बढाई मारणेही थांबवावे. मोठा फ्लॅट, मोठी गाडी, मोठे लग्न यांचे हप्ते शेवटी त्याच्याच झोपेतून फेडले जातात. काही ओझी परिस्थिती लादते, काही आपण हौसेने चढवतो. हौसेची तरी उतरवू या.

आपल्या धर्मग्रामात पुष्कळ जण ऑफिसात टीम सांभाळतात, काहींचा स्वतःचा व्यवसाय आहे. तुमच्या हाताखाली दोन माणसे असली तरी त्यांचा रविवार तुमच्या हाती आहे. सोमवारी सांगता येईल असा निरोप रविवारी पाठवू नका. ग्राहकाला तारीख कबूल करण्याआधी ते काम कोणाच्या रात्रीतून होणार आहे, ते मोजा. रविवारची जबाबदारी टाळता येत नसेल तर ती आळीपाळीने वाटून घ्या. त्यात ख्रिस्ती सहकाऱ्याच्या नाताळाबरोबर दुसऱ्याची दिवाळी आणि ईदही सांभाळा.

आणि प्रिय तरुणांनो, नोकरी सोडा असे आम्ही म्हणत नाही. ‘नाही’ म्हणणे किती महाग पडते, ते आम्हाला कळते. पण आठवड्यातला एक काळ ठरवून कुलूपबंद करा. रविवार जमत नसेल तर दुसरा दिवस, पूर्ण दिवस जमत नसेल तर निदान एक संध्याकाळ. त्या वेळी लॅपटॉप मिटलेला असू द्या आणि दार उघडे. एकटे जमत नसेल तर बायकोला सांगा, मित्राला सांगा, आमच्याकडे या. झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर लाज न धरता डॉक्टरांकडे जा. एलियालाही उठवायला कोणीतरी यावे लागले.

आमच्याकडून आम्हीही शब्द देतो. यापुढे चर्चच्या साइटचे किंवा पत्रिकेचे काम शुक्रवारनंतर कोणालाही सांगितले जाणार नाही आणि रात्री आठनंतर त्यासाठी फोन केला जाणार नाही. एखादी सूचना उशिरा लागली तर लागू द्या. फळ्यावर खडूने लिहू!

७ सप्टेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेने कार्लो अकुटिस या मुलाला संतपद दिले. इटलीच्या मिलान शहरात वाढलेल्या या मुलाला संगणकाची भारी आवड. ख्रिस्तप्रसादाशी संबंधित चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने वेबसाइट तयार केली. २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने तो प्रभूकडे गेला. इतके वेड असूनही त्याच्या दिवसाचे केंद्र संगणक नव्हता, रोजची मिस्सा होती. तुमच्याच कामाचा एक संत आता स्वर्गात तुमच्यासाठी विनवणी करत आहे.

पुढच्या घरभेटीला आम्ही पुन्हा त्या घरी जाणार आहोत. ते दार तेव्हा उघडे असावे आणि त्या लहानग्या मुलीने आपल्या पप्पांच्या मांडीवर बसून मोठ्या आवाजात ‘नमो मरिये’ म्हणावी, एवढेच आमचे मागणे आहे.

हे प्रभू येशू, सुताराच्या घरी तू काम केलेस आणि शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात गेलास. रात्री जागून राबणाऱ्या आमच्या मुलामुलींना सांभाळ. त्यांच्याकडून काम घेणाऱ्यांना दयाळू मन दे. अपुरे काम तुझ्या हाती सोपवून निश्चिंत झोपण्याची कृपा आम्हां सर्वांना दे. आमेन.