चिमूटभर मीठ

उजनीच्या फुगवट्याकाठी, करमाळ्याच्या अंगाला एक गाव आहे. धरण १९८० साली पुरं झालं. पाणी चढलं तसं जुनं गाव बुडालं आणि माणसं माळावरच्या नव्या गावठाणात आली. त्यांतल्या एका म्हातारीला दोन मुलं. थोरला गावठाणात राहतो, त्याच्या नळाला धरणाचं पाणी. धाकटा उसाच्या रानात वस्तीवर, त्याला बोअरचं.

समोर नजर पोचत नाही एवढं पाणी, आणि प्यायला वीस लिटरचा जार विकत, ही तिथली रीत. तिला कारणही आहे. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा आणि इंद्रायणी भीमेला, आणि त्यांच्याबरोबर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी उतरतं. त्यात काठच्या उसाचं खत भर घालतं. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापराचा साठा संपला, की पाणी हिरवं पडतं, वास मारतं.

अशाच एका वैशाखात पाण्याची यंत्रं विकणारा एक जण थोरल्याच्या ओट्यावर येऊन बसला. त्यानं दोन काचेचे पेले मांडले. एकात घरच्या नळाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात आपल्या बाटलीतलं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या आणि बटण दाबलं. नळाचं पाणी आधी पिवळं झालं, मग त्यात तपकिरी लोळ सुटले, वर घाणेरडा फेस धरला. त्याच्या बाटलीतलं पाणी होतं तसंच स्वच्छ.

"बघा मावशी, हे पिताय तुम्ही."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. धाकटा तिथंच होता. त्यानं विचारपूस न करता दोन यंत्रं सांगितली, दोन्ही घरांना आरओ, हप्त्यानं.

थोरली सून आतून आली. गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट मिळालंय, त्यांतली ती एक. तिच्या हातात मिठाची वाटी.

"दादा, तुमच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकू का?"

"मीठ कशाला ताई?"

तोवर तिनं टाकलंही होतं. बटण दाबलं. जरा वेळात तो पेला पहिल्यापेक्षा काळपट झाला.

यात जादू काही नाही. कांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यातून वीज वाहिली की ती झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि पेला स्वच्छ राहतो. झऱ्याचं चांगलं पाणी घेतलं तरी ते या कांड्यांपुढं घाणच ठरेल.

धाकटा तावातावानं उठला. म्हातारीनं त्याला खाली बसवलं.

"त्याची कांडी खोटी निघाली म्हणून आपलं पाणी खरं ठरत न्हाई. वैद्य आधी नाडी बघतो, मग पुडी देतो. ह्यो पुडी घिऊनच आला, आन् तूबी नाडी न दावता घ्यायला बसलास."

माझ्या मते या गोष्टीत शहाणं वाक्य हेच. लबाडी उघडी पडली की माणसाला जिंकल्यासारखं वाटतं आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

थोरल्या सुनेनं दोन्ही घरचं पाणी तपासलं. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागं विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, पाचशेच्या आत आला, पण गढूळपणा होता, आणि जंतू बघायची बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडली. नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन बघायची ओटी टेस्ट केली तर पिवळा रंग उमटलाच नाही. म्हणजे टाकीत ब्लिचिंग पावडर पुरेशी पडत नव्हती. बोअरचं पाणी काचेसारखं नितळ, बाटली काळी पडली नाही. पण टीडीएस चौदाशे, आणि नायट्रेट मर्यादेच्या वर.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. टीडीएसला दुसरा स्रोत नसेल तर दोन हजारांपर्यंत सवलत आहे, नायट्रेटला कसलीच नाही. उसाला टाकलेल्या युरियाचं नायट्रेट झिरपून बोअरमध्ये उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद त्यानं कमी होते, बाळ निळसर पडतं. वस्तीवर तान्हं होतं. धाकटी सून त्याचं पाणी रोज काळजीनं उकळायची. उकळून जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि उरलेल्यात नायट्रेट वाढतं.

"भावजी, यंत्र तुम्हालाच लागतंय," थोरली म्हणाली. "आम्हाला न्हाई."

विक्रेत्याचं एक यंत्र खपलं. बसवल्यावर नायट्रेट पुन्हा मोजायचं आणि ते उतरलं तरच पहिला हप्ता, अशी अट थोरलीनं घातली. यंत्रातून वाया जाणारं पाणी न्हाणीघरात वापरायचं ठरलं.

थोरल्याकडं आरओ बसवलं असतं तर एका बादलीमागं दोन-तीन बादल्या वाहून गेल्या असत्या. राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ साली टीडीएस पाचशेच्या आत असेल तिथं आरओला मनाई करा, असं केंद्र सरकारला सांगितलं होतं. त्याऐवजी थोरलीनं ग्रामपंचायतीत भांडून टाकीतली पावडर सुरू करून घेतली. घरी तुरटी फिरवून पाणी निवळायचं, गाळायचं, मग मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनचे, थेंब. पुढं पैसे आले तेव्हा गाळाच्या फिल्टरसह यूव्ही घेतलं. फिल्टर आधी, कारण गढूळ पाण्यात यूव्हीचे किरण पोचत नाहीत आणि जंतू गाळाच्या आडोशाला वाचतात.

तुमच्या घरी यंत्राचा विषय निघाला असेल तर आधी ग्रामपंचायतीमार्फत पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा करायची असते, जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. जंतूंच्या नमुन्याला घरची बाटली चालत नाही; निर्जंतुक केलेली बाटली प्रयोगशाळेतूनच मागून घ्या आणि नमुना त्याच दिवशी पोचवा.